मोटेने चढवलेले मासे

बाहत्तरचा दुष्काळ सरला आणि मला नोकरी लागली. बंधाऱ्यावरचा चौकीदार. आमच्या घरात सरकारी नोकरी मिळालेला मी पहिला, म्हणून आईने सगळ्या वस्तीत गूळ वाटला. वडिलांनी बोरीच्या बाजारातून काळी छत्री आणली. जागा कुठे आहे, तिथे माणसं आहेत की नाहीत, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. नोकरी म्हटल्यावर तिथे माणसं असणारच, असं मला वाटत होतं.

जागा म्हणजे नदीवरचा दगडी बंधारा. दुष्काळी कामावर बांधलेला, दोन पुरुष उंचीचा, या काठापासून त्या काठापर्यंत सलग भिंत. उजव्या काठाला एक लहान कालवा, त्याचं लोखंडी दार आणि दाराशेजारी पत्र्याची एक खोली. त्या खोलीत मी. सकाळी भिंतीवर रंगवलेली पट्टी बघायची, पाणी किती आहे ते वहीत लिहायचं. संध्याकाळी पुन्हा बघायचं, पुन्हा लिहायचं. उन्हाळ्यात आठ आठ दिवस आकडा हलत नसे. मी पट्टीकडे बघत बसायचो आणि पट्टी माझ्याकडे.

खालच्या अंगाला मैलभरावर गाव होतं. तिथले शेतकरी पाण्याची पाळी विचारायला येत, ओट्याखाली उभे राहून बोलत आणि जात. त्यांच्याकडे मी गेलो तर चहा मिळे, पण कप निराळा, आणि तो विसळून पालथा घालायचं काम माझं. गावाच्या पलीकडे आमच्या लोकांची, बौद्धांची वस्ती. तिथे गेलो की "साहेब आले, साहेब आले" म्हणून बाजेवर गोधडी अंथरत, मला एकट्याला वर बसवत आणि सगळे खाली बसत. इकडे मी कमी, तिकडे मी जास्त. शेजारी बसून "आण रे एक बिडी" म्हणणारा कोणी नव्हता. मी मुळातच तापट. त्यात बोलायला माणूस नाही, म्हणून तव्याशी भांडायचो, स्टोव्हला शिव्या घालायचो. लग्नाचा विषय निघाला की आई म्हणे, तिथं कोणती पोरगी येईल? तिचंही बरोबर होतं.

पहिल्या पावसाळ्यात, आर्द्रा नक्षत्राच्या पुरात, एके दिवशी बंधाऱ्यावर जत्रा भरली. गावातली माणसं काठ्या, टोपल्या, फाटकी धोतरं घेऊन आली. भिंतीखालच्या खळग्यात मासे दाटले होते. रोहू, शिंगटे, बोटाएवढे चंदेरी मासे, सगळे प्रवाहाच्या उलटे वर निघालेले. भिंतीवर उडी मारायचे, दगडावर आपटायचे, खाली पडायचे, पुन्हा उडी मारायचे. चढणीचे मासे म्हणतात ते हेच. अंडी घालायला वरच्या पाण्याकडे जातात. लोक त्यांना काठीने झोडपत होते आणि टोपल्या भरत होते. माझ्याही ओट्यावर कोणीतरी दोन रोहू टाकले. खोटं कशाला बोलू, मला मजा वाटली. तीन दिवस खोलीभोवती माणसांचा आवाज होता. चौथ्या दिवशी सगळे गेले आणि मला वाईट वाटलं ते माणसं गेल्याचं. माशांचं नाही.

पाचव्या दिवशी वरच्या अंगाने काठाकाठाने एक बाई आली. साठीची असेल. काळी, काटक, पदर कमरेला खोचलेला. ओट्यावर सरळ येऊन बसली. माझ्या ओट्यावर न विचारता बसलेलं ते पहिलं माणूस.

"साहेब, तुमची भिंत आमाला खायलीय," ती म्हणाली.

ती भोयाची. कोसभर वर नदीला एक डोह होता, त्याच्या काठावर पूर्वी भोयांची पाच घरं होती. मासे धरायचे आणि बाजारात विकायचे, पिढ्यान्‌पिढ्या हाच धंदा. बंधारा झाल्यापासून चढण बंद. डोहात जुने मासे होते ते संपले. चार घरं उठून गेली. राहिलं तिचं एक, त्यात ती, तिचा मुलगा आणि सून.

"पोरगं म्हनायलंय, आता पुढल्या आर्द्रापत्तुर बघतो. मासं चढले तर ऱ्हातो, न्हाई तर जातो. एकदा गेलं की येतंय व्हय माघारी? तुमी दार उघडा जरा."

दार कालव्याचं आहे, नदीचं नाही, भिंत सलग आहे, असं मी तिला समजावलं. ती ऐकून घेई आणि पुन्हा म्हणे, "मंग दुसरं काय तरी करा." मी चिडलो. माझ्या हातात काय आहे, मी कोण मोठा लागून गेलोय, असं बरंच बोललो. ती शांतपणे म्हणाली, "तुमच्याबिगर इथं हाय कोन?" आणि उठून गेली.

आठवड्याने पुन्हा आली. मग येतच राहिली. येताना कधी अंबाडीची भाजी, कधी दोन भाकरी. मी तिला मावशी म्हणायला लागलो आणि तिच्या तोंडी माझं 'साहेब' गळून 'लेकरा' आलं. तिचा मुलगाही कधी बरोबर असे. माझ्याच वयाचा, अबोल, हाताला सतत जाळं विणायची सवय. तो एकदाच मला म्हणाला, "मला बी जाऊ वाटत न्हाई. पन डोहाचं पानी पिऊन पोट भरत न्हाई ना." त्या वर्षात माझ्या लक्षात आलं की मी पट्टीकडे कमी आणि काठाच्या वाटेकडे जास्त बघतो. मुलगा गेला तर ही म्हातारी तिथे एकटी कशी राहणार, हा तिचा घोर हळूहळू माझाही झाला.

उन्हाळा संपत आला तेव्हा मी तिला घेऊन खालच्या गावात गेलो. वरच्या कचेरीत अर्ज केला नाही. केला असता तर उत्तर येईपर्यंत मासे म्हातारे झाले असते. गावकरी मारुतीच्या पारावर बसले होते. आम्ही दोघं खाली उभे. मी सांगायला लागलो तर हशा पिकला. मासे उचलून भिंतीपलीकडे टाकायचे म्हणजे काय, चौकीदाराला ऊन लागलं काय, वगैरे.

पारावर मध्यभागी एक म्हातारा शेतकरी होता. दुष्काळात त्याच्या घराने रेशनवरच्या मिलोच्या, परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या, उपास काढले, पण उतरंडीतली बियाण्याची ज्वारी काढली नाही. ही गोष्ट त्याने गावाला इतक्या वेळा ऐकवली होती, की तो दिसला की लोक दुसऱ्या बोळाने जात. मावशीला ही गोष्ट कुठून कळली होती कोण जाणे. ती थेट त्याच्याकडे वळली.

"मालक, दुष्काळात तुमी बियानं खाल्लं का?"

"न्हाई खाल्लं," म्हातारा म्हणाला आणि गोष्ट सुरू करायला मांडी बदलून बसला.

"मंग ह्या माशांच्या पोटात काय हाय? बियानंच हाय की. ते तुमी काठीनं झोडपून खायलाव."

"मासं काय पेरता येतेत व्हय?" मागून कोणीतरी म्हणालं. पुन्हा हशा. पण म्हातारा हसला नाही. त्याने गोष्टीसाठी घातलेली मांडी मोडली. शेवटी म्हणाला, "माझी मोट रिकामी पडलीय."

त्याच्या मुलांनी विहिरीवर इंजिन बसवलं होतं आणि त्या इंजिनाच्या आवाजावर म्हाताऱ्याचा राग होता. चामड्याची मोट गोठ्यात खुंटीला टांगलेली. त्याने पारावर बसूनच बेत सांगितला. भिंतीच्या टोकाला, जिथे मातीचा भराव आहे, तिथे चाक बसवायचं. भरावाचा उतार म्हणजे बैलांची धाव. खालच्या खळग्यात मोट सोडायची, मासे पाण्यासकट मोटेत घ्यायचे, बैलांनी ओढायचं. वर आली की मोटेची सोंड आपोआप उघडते आणि पाणी पुढे पडतं. विहिरीवर ते पिकाला जातं, इथे बंधाऱ्याच्या वरच्या पाण्यात जाईल. हशा थांबला, कारण त्यात न समजण्यासारखं काही नव्हतं. जन्मभर सगळ्यांनी मोट हाकलेली.

मावशीनेही शब्द दिला. गावाने तीन दिवस चढणीच्या माशांना काठी लावायची नाही. डोह भरला की दसऱ्यानंतर गावात घरटी एक मासा ती आणून देईल. पण भरेल तेव्हा.

धाव नीट करायला मी आमच्या वस्तीतली माणसं बोलावली. दुष्काळात ही भिंत त्यांनीच बांधली होती. एक जण म्हणाला, "आदी भिंत बांधा, मंग तिच्यावरून मासं उचला. झकास काम हाय, साहेब." पण आले सगळे. वरच्या आळीचे आणि आमच्या वस्तीतले एकाच दोराला हात लावत होते. मोटेचं पाणी प्यायचं नव्हतं, नदीतून उचलून नदीतच सोडायचं होतं, त्यामुळे शिवाशिवीचा विषय कोणी काढला नाही. मी त्या दिवसांत फार खूश होतो. संध्याकाळी माझ्या ओट्यावर बिड्यांची थोटकं पडलेली असत आणि मला ती झाडून टाकवत नसत.

मोट वर्षभर टांगून वाळली होती, तिला भेगा पडल्या होत्या. म्हातारा म्हणाला, तिला तेल पाजा. ते काम मी हौसेने अंगावर घेतलं. आमच्याकडे चामड्याला करंजीचंच तेल लावतात. जोड्याला, मोटेला, बैलाच्या पट्ट्याला. कडू असतं, त्याला उंदीर आणि कसर शिवत नाही. मी करंजीचं तेल आणलं आणि चार दिवस सकाळ-संध्याकाळ चोळून मोट लोण्यासारखी मऊ केली. म्हाताऱ्याने हात फिरवून शाबासकी दिली. त्यालाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

आर्द्राचा पूर आला. दुसऱ्या दिवशी पाणी थोडं उतरल्यावर मावशीचा मुलगा कमरेला दोर बांधून खळग्यात उतरला. जाळ्याने मासे हाकून मोटेच्या तोंडात घातले. वरून म्हाताऱ्याने बैल हाकले. मोट वर आली, सोंड उघडली, मासे वरच्या पाण्यात पडले. काठावरच्या लोकांनी ओरडून नदी दणाणून सोडली. अशा दहा-बारा मोटा झाल्या असतील. मग कोणीतरी बोट दाखवलं. वरच्या पाण्यावर मासे उताणे तरंगत होते. पांढरी पोटं वर.

ओरडणं थांबलं. मावशी खाली आली. तिने मोटेत तोंड घालून वास घेतला आणि मान वर करून विचारलं, "करंजी कुनी लावली?"

मी म्हणालो, मी.

चोर लोक दुसऱ्याच्या डोहात करंजीची पेंड टाकून मासे गुंगवून मारतात, हे भोयांच्या पोरासोरांनाही माहीत असतं. आम्हा शेतीवाल्यांना कसं माहीत असणार? आमच्या मोटेने आजवर पिकांनाच पाणी दिलं होतं. पण मला तेव्हा हे सुचलं नाही. मी त्या पांढऱ्या पोटांकडे बघत उभा राहिलो आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मारायचेच व्हते तर काठी काय वाईट व्हती?" एक जण म्हणाला. लोक तरंगणारे मासे गोळा करून निघून गेले. कोणी मला शिव्याही दिल्या नाहीत. मावशीचा मुलगा अंगाचा दोर सोडत होता. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "झालं. आता माझं बी ठरलं."

मावशी मात्र मोट ओढत काठावर घेऊन गेली. वाळू घेऊन ती चामडं घासायला बसली. जरा वेळाने माझ्यावर ओरडली, "बगत काय ऱ्हायलास? राख आन. वाळूनं निघत न्हाई तेल, राखंनं निघतंय."

माझ्या एकट्याच्या चुलीत कितीशी राख असणार? मी टोपली घेऊन गावात गेलो. पहिल्यांदाच मी लोकांच्या अंगणात उभा राहून काहीतरी मागत होतो, आणि तेही राख. बाया पदराआडून हसल्या. "सायबाला राख पायजे म्हनं." पण प्रत्येकीने दिली. आमच्या वस्तीतल्या बायांनी तर टोपली उचलून माझ्याबरोबर पोचवायला यायची तयारी केली. म्हाताऱ्याच्या सुनेने गरम पाण्याचा हंडा बैलगाडीत घालून पाठवला. गाडी हाकत स्वतः म्हातारा आला. तो आमच्या शेजारी बसला आणि मोट घासू लागला. आधी त्याने शाबासकी दिली होती, ते त्याच्या मनाला लागलं असणार.

दोन दिवस आम्ही तिघं ती मोट घासत होतो. राख, गरम पाणी, पुन्हा राख. मग तिच्यात पाणी भरून बोटाएवढे चार मासे सोडले आणि दुपारपर्यंत बघत बसलो. चारही फिरत राहिले. त्याच संध्याकाळी वर कुठेतरी पाऊस झाला आणि नदीला दुसरं पाणी आलं. मावशी मुलाला घेऊन आली. कसं आणलं, काय बोलली, मला माहीत नाही. तो पुन्हा दोर बांधून खळग्यात उतरला.

या खेपेला काठावर कोणी ओरडलं नाही. मोट वर यायची, पाणी पडायचं, मासे पाण्यात शिरायचे आणि दिसेनासे व्हायचे. आधी आम्हाला धीर नव्हता. मग हळूहळू काठावर माणसं जमू लागली. दुसऱ्या दिवशी बैल बदलायला दुसऱ्या जोड्या आल्या. पारावर हसलेल्यांपैकी एक जण माझ्याकडून चाकाला पाणी घालायचं डबडं काढून घेऊन म्हणाला, "तुमी बसा जरा. सकाळधरनं उभे हाव." तीन दिवस चढण चालली. मासे मोजायचं कोणाला सुचलं नाही.

मावशीचा डोह पुन्हा हलू लागला. संध्याकाळी काठावर उभं राहिलं की पाण्यावर वर्तुळं उठताना दिसायची. मी बघायला गेलो तर मुलगा जाळं खांद्यावर घेऊन उभा होता आणि मावशी त्याच्यासमोर.

"औंदा न्हाई," ती म्हणाली. "औंदा त्येंनी अंडी घातलीत. पिल्लं मोठी व्हऊ दे. पुढल्या सालापत्तुर हात लावायचा न्हाई."

"तूच म्हनलीस, मासं चढले की ऱ्हा."

"चढलेत की. ऱ्हा."

"आन् वरीसभर खाऊ काय?"

मी मध्ये पडून म्हणालो, थोडे काढू द्या, चार बाजार होतील एवढे. ती मला म्हणाली, "तू गप. आज चार, उद्या आठ. मी डोहाची हाय, मला ठावं हाय." मुलाने जाळं खांद्यावरून काढून तिच्या पायाशी ठेवलं. रागाने टाकलं नाही, ठेवलं. पोळ्यानंतर तो बायकोला घेऊन सिकंदराबादला गेला, बांधकामावर. ज्या माशांसाठी तो राहणार होता ते आले, आणि तो गेला. आणि ते मासे खळग्यात उतरून त्यानेच चढवले होते.

त्यानंतर मावशी रोज संध्याकाळी माझ्याकडे येऊ लागली. कोसभर चालत यायची, ओट्यावर बसायची, अंधार पडायच्या आत परत जायची. आम्ही फार बोलत नसू. ती डोहात काय दिसलं ते सांगायची, मी दिवसभर कोण आलं नाही ते सांगायचो. मला वाटायचं, आता काही कमी नाही. लाज वाटते सांगायला, पण तिचा मुलगा गेला याचं मला आत कुठेतरी बरं वाटत होतं.

पुढच्या आर्द्रात गावकरी आपण होऊन आले. "चौकीदार, चढण लागली का?" म्हणत म्हाताऱ्याने मोट गाडीतून उतरवली. तिला तेल नव्हतं, नुसतं पाण्यात भिजवून मऊ केलेली. खळग्यात वस्तीतली दोन पोरं उतरली. त्या वर्षी दसऱ्यानंतर मावशीने स्वतः डोहात जाळं टाकलं आणि ठरल्याप्रमाणे गावात घरटी एक मासा पोचवला. वस्तीतही. माझ्यासाठी सगळ्यात मोठा.

मग तिने मला पत्र लिहायला बसवलं. "लिही, डोह भरलाय. जाळं मला एकलीला वढत न्हाई. ये." एवढंच. मी लिहिलं, तालुक्याच्या गावी जाऊन टाकलं. दिवाळी झाल्यावर उत्तर आलं, माझ्याच पत्त्यावर. मुलाने कोणाकडून तरी लिहून घेतलं होतं. तो खुशाल आहे, मासे आले हे ऐकून बरं वाटलं, मुकादम चांगला आहे. आणि मग: तुझी सून दोन जीवांची आहे. आम्ही खोली घेतली आहे. इथे बघायला कोणी नाही. तू इकडे ये, डोह राहू दे.

संध्याकाळी मावशी आली. मी पत्र वाचलं. खुशाल आहे, बरं वाटलं, मुकादम चांगला आहे. तिथे थांबलो आणि कागद दुमडला.

"बस एवढंच?" तिने विचारलं.

"एवढंच," मी म्हणालो.

ती गेली. मला जेवण गेलं नाही. मी स्वतःला सांगितलं, दोन दिवसांनी सांगू. तिला एवढ्या लांब एकटीला पाठवायचं कसं, थंडी सरू दे, असली कारणं काढली. दुसऱ्या दिवशी ती आली, तिसऱ्या दिवशी आली. दर वेळी मी पत्राच्या गोष्टीवरून दुसरीकडे वळायचो आणि तीही वळायची. चौथ्या दिवशी तिने माशाचं कालवण करून आणलं. मी जेवताना समोर बसली आणि म्हणाली, "तिकडं त्येला असलं कोन करून घालतंय?" मी ताट सरकवलं, पत्र काढलं आणि सगळं वाचलं.

मला वाटलं ती शिव्या देईल. तिने शेवटच्या ओळी पुन्हा वाचायला लावल्या. मग पुन्हा. "कितवा म्हयना ते लिहिलंय का?" तिने विचारलं. मी नाही म्हणालो. ती ताट उचलून विसळायला गेली, आणि बराच वेळ विसळत राहिली.

दोन दिवसांनी मी तिचं गाठोडं घेऊन तिला सडकेपर्यंत पोचवायला गेलो. जिंतूरकडून येणारी परभणीची बस तिथे हात केला की थांबायची, परभणीहून रात्रीची गाडी. आम्ही बाभळीखाली बसलो. मी माफी मागायचा प्रयत्न केला, पण मला माफी मागायची सवय नव्हती, शब्द सापडले नाहीत. तिनेच विचारलं, "एकलं ऱ्हायचं भ्या वाटतंय व्हय रं तुला?"

मी हो म्हणालो. त्याआधी कोणालाच मी ते कबूल केलं नव्हतं.

"मला बी वाटायलतं," ती म्हणाली. "म्हनून तर रोज यायलते तुझ्याकडं. त्या दिशी तू कागद घडी केलास, तवाच मला कळलं काय तरी ऱ्हायलंय. इचारलं न्हाई. इचारलं असतं तर जावं लागलं असतं."

बस आली. ती चढली, खिडकीशी बसली, आणि बस हलेपर्यंत समोर बघत राहिली. सिकंदराबादहून पुढे एक पत्र आलं, नात झाल्याचं. त्यानंतर आलं नाही.

पुढच्या आर्द्रात चढण झकास झाली. गावाने मोट चालवली, माझं तिथे फारसं काम उरलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सगळे गेल्यावर मी काठाकाठाने डोहाकडे गेलो. घराचं छप्पर एका बाजूने बसलं होतं. डोहात मासे उसळत होते, एकामागून एक, अगदी काठापर्यंत. "मावशे, आले गं," मी मोठ्याने म्हणालो. ऐकायला कोणी नव्हतं, तरी दोनदा म्हणालो.